एक्सपोर्ट केलं, पण हाती काय आलं?

गूगल मॅप्सवर एखादं दुकान शोधलं की पत्ता आणि फोन नंबर यांच्या शेजारी काही वर्षं 'चॅट'चं बटण दिसायचं. केकची ऑर्डर किती दिवस आधी द्यावी लागते, रविवारी गॅरेज उघडं असतं का, साडीला फॉल-पिको करून मिळेल का, असले प्रश्न तिथूनच विचारता यायचे. २०२४ मध्ये गूगलने ही सोय गुंडाळली. १५ जुलैपासून नवीन संभाषण सुरू करणं बंद झालं आणि ३१ जुलैला सेवाच संपली. जुनी संभाषणं हवी असतील तर 'गूगल टेकआउट'मधून उतरवून घ्या, असं व्यावसायिकांना आधी कळवलं होतं. गूगलला यात फारसा दोष देता येत नाही. सूचना दिली, मुदत दिली, मार्गही सांगितला. पण मोठ्या कंपनीची सेवा आहे म्हणजे ती राहणारच, हा समज किती पोकळ आहे ते मात्र दिसलं. त्याच्या चार वर्षं आधी सेल्सफोर्स या कंपनीनेही आपली 'डेस्क डॉट कॉम' ही ग्राहकसेवेची प्रणाली १३ मार्च २०२० रोजी कायमची बंद केली होती.

ग्राहकांशी झालेली बोलणी ही धंद्याची खरी स्मृती असते. कोणाला कोणता भाव सांगितला, कोणती तक्रार कधी मिटवली, 'उद्या नक्की पाठवतो' हे कोण कोणाला म्हणालं, सगळं त्यात असतं. आज ही स्मृती दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवर राहते आणि आपण तिचं भाडं भरतो. ती तिथून काढून आणायची वेळ बहुतेकांवर एकदा तरी येते. सेवा बंद होते, दर परवडेनासा होतो, वाद कोर्टात जातो, किंवा मालकाला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं की वर्षभरात लोकांनी सर्वांत जास्त विचारलं काय. अशा वेळी 'एक्सपोर्ट'चं बटण दाबलं की काम झालं, असं वाटतं. काम तिथे सुरू होतं.

ही स्मृती सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या धंद्यात 'सोडून जाणं' किती महत्त्वाचं आहे याची चांगली गोष्ट चेन्नईतली आहे. कोपनहेगनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या झेनडेस्क या कंपनीने ग्राहकांच्या तक्रारी आणि मेसेज एका जागी हाताळण्याची प्रणाली लोकप्रिय केली. २०१० मध्ये तिने दर वाढवले आणि तिचे ग्राहक भडकले. या दरवाढीवर चाललेली चर्चा झोहो या कंपनीतल्या गिरीश मातृभूतम यांच्या वाचनात आली. चांगली आणि स्वस्त सेवा देणाऱ्याला इथे जागा आहे, हे त्यांनी हेरलं. अमेरिकेहून चेन्नईला परतताना सामानात त्यांचा टीव्ही फुटला होता आणि भरपाईसाठी त्यांना बरीच खटपट करावी लागली होती, त्यामुळे ग्राहकसेवा म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी आणि शान कृष्णसामी यांनी उभ्या केलेल्या फ्रेशडेस्कची पुढे फ्रेशवर्क्स झाली आणि २२ सप्टेंबर २०२१ रोजी तिची अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदणी झाली. आता एक साधा विचार करा. एका कंपनीचा नाराज ग्राहक दुसरीकडे येतो तेव्हा त्याचे जुने मेसेजही बरोबर यायला हवेत, नाहीतर तो जागचा हलत नाही. म्हणून इम्पोर्ट सोपं करण्यात प्रत्येक कंपनीला रस असतो. एक्सपोर्टच्या बाबतीत तो उत्साह दिसत नाही. यात दुष्टावाच असतो असं नाही. जो भाग विकून पैसे मिळत नाहीत त्यावर इंजिनीयर बसवायला कोणी तयार नसतं.

पण अडचणीचं मूळ त्याहून खोल आहे. पडद्यावर दिसणारं संभाषण त्या रूपात कुठेच साठवलेलं नसतं. मेसेजचा मजकूर एका तक्त्यात असतो. तो पाठवणाऱ्याचं नाव तिथे नसतं, फक्त एक क्रमांक असतो. नाव दुसऱ्या तक्त्यात. फोटो आणि पीडीएफ तिसऱ्याच ठिकाणी, आणि मजकुराशेजारी त्यांची नुसती लिंक. मेसेज पोचला, वाचला गेला, या नोंदी स्वतंत्र घटना म्हणून येतात. कोणत्या कर्मचाऱ्याने उत्तर दिलं, संभाषणाला कोणतं लेबल लावलं, ते कधी 'सुटलं' म्हणून बंद केलं, हे आणखी वेगळं. आपण चॅट उघडतो त्या क्षणी संगणक हे सगळं गोळा करून एकाखाली एक मांडतो. एक्सपोर्टमध्ये ती मांडणी येत नाही, सुटे तुकडे येतात, आणि त्यातले कोणते द्यायचे हे सेवा देणाऱ्याने ठरवलेलं असतं.

सर्वांत ओळखीचं उदाहरण घेऊ. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि आज वाण्यापासून पॅथॉलॉजी लॅबपर्यंत सगळे त्यावर ऑर्डर घेतात. त्यात चॅट एक्सपोर्ट करता येतं, पण एका वेळी एकच. सगळी चॅट्स एकदम काढायचं बटण नाही. फोटोंसकट काढलं तर शेवटचे १०,००० मेसेज मिळतात, फोटोंशिवाय ४०,०००. त्याआधीचे फाइलमध्ये येत नाहीत. दिवसाला शंभरेक मेसेजची देवाणघेवाण असलेल्या घाऊक व्यापाऱ्याच्या बाबतीत फोटोंसह फाइल म्हणजे जेमतेम सव्वातीन महिन्यांचा व्यवहार.

हाती येते ती साधी टेक्स्ट फाइल. तारीख, वेळ, नाव, मजकूर, एवढंच. आता त्यातलं नाव नीट बघा. ते ग्राहकाने स्वतःला दिलेलं नाव नसतं, तुमच्या फोनमध्ये जसं सेव्ह केलंय तसं असतं. 'टेम्पोवाले काका' म्हणून सेव्ह केलं असेल तर दहा हजार ओळींवर 'टेम्पोवाले काका'च लिहून येतं, आणि फोन नंबर कुठेच नाही. दोन वर्षांनी कोणते काका हे आठवलं नाही तर फाइल तिथेच मुकी होते. तारीख फोनच्या सेटिंगप्रमाणे छापली जाते, म्हणून एका फोनवरून काढलेल्या फाइलमधला ०३/०४ हा तीन एप्रिल असतो आणि दुसऱ्या फोनवरून काढलेल्या फाइलमधला चार मार्च. दोन शाखांच्या दोन फोनमधल्या फाइली एकत्र करणाऱ्याची यात हमखास फजिती होते.

मला यातलं सर्वांत गंभीर नुकसान वाटतं ते उत्तरांचं. ग्राहकाला तुम्ही कापडाचे आठ फोटो पाठवता. तो त्यातल्या पाचव्या फोटोवर बोट ठेवून, म्हणजे त्यालाच 'रिप्लाय' करून, लिहितो: 'हेच पाठवा, बारा मीटर.' पडद्यावर ते स्पष्ट दिसतं, कारण वर तो फोटो छोट्या चौकटीत असतो. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये ती चौकट येत नाही. उरतं फक्त 'हेच पाठवा, बारा मीटर.' हेच म्हणजे कोणतं? वाद नेमका त्यावरच असतो, आणि आपण जपून ठेवलेल्या पुराव्यातून नेमकं तेच गळालेलं असतं. अंगठ्याची खूण, हृदय वगैरे प्रतिक्रियाही येत नाहीत, आणि आपल्याकडे निम्मे सौदे अंगठ्यावरच पक्के होतात. 'पैसे मिळाले', 'ऑर्डर बाकी' अशी लेबलं तुम्ही मेहनतीने लावली असतील, तीही मागेच राहतात.

ही फाइल पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये घालता येत नाही. ती केवळ वाचण्यासाठी असते. उलट गूगल ड्राइव्हवर रोज रात्री होणारा बॅकअप व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येतो, पण तो दुसऱ्या कशातही उघडून वाचता येत नाही. बॅकअप आणि एक्सपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना फोन हरवल्यावर कळतं. शिवाय एप्रिल २०२५ पासून व्हॉट्सॲपने गोपनीयतेचं एक जादा सेटिंग दिलं आहे. संभाषणातल्या समोरच्या माणसाने ते चालू केलं की तुम्हाला ते चॅट एक्सपोर्टच करता येत नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच आहे. दुकानदाराने मात्र आपला हिशेब चॅटच्या भरवशावर सोडू नये, एवढं यातून घ्यावं.

धंदा वाढला की फोनवरचं ॲप पुरत नाही. मग व्हॉट्सॲपचा एपीआय घेतला जातो. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायची ठरवून दिलेली पद्धत. बँका, विमान कंपन्या, ऑनलाइन दुकानं यांचे मेसेज असेच येतात. मे २०२२ पासून व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा स्वतःच्या सर्व्हरवर ही सेवा देते. इथला नियम उलटा आहे. ग्राहकाचा मेसेज आला की मेटा तो तुमच्या सर्व्हरकडे ढकलते आणि तिचं काम संपतं. मेटा तो मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस ठेवते, तेही पोचवताना अडचण आली तर पुन्हा पाठवता यावा म्हणून. मागचं वर्षभराचं संभाषण द्या, असं नंतर तिच्याकडे मागायची सोय नसते. ग्राहकाने फोटो पाठवला तर तो उतरवून घेण्याची लिंक पाच मिनिटंच चालते. ती संपली तर नवी मागावी लागते. म्हणजे इथे डेटा 'काढायचा' नसतो, येईल तसा धरून ठेवायचा असतो.

बहुतेक उद्योगांना हे स्वतः करणं जमत नाही, म्हणून मधली कंपनी नेमली जाते आणि मेसेज तिच्याकडे साठतात. पुढे ती कंपनी बदलायची ठरवली तर तुमचा व्हॉट्सॲप नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो. जुनी संभाषणं त्याच्याबरोबर जात नाहीत. ती आधीच्या कंपनीकडून वेगळी मागून घ्यावी लागतात आणि तिने ती कोणत्या रूपात, किती दिवसांत, काय दराने द्यायची, हे सगळं करारात असेल तर असतं. नंबर आला म्हणजे सगळं आलं, या समजुतीत राहून करार संपवू नये.

झेनडेस्कसारख्या मोठ्या प्रणालींमध्ये प्रशासकाच्या पानावर एक्सपोर्टचा पर्याय असतो आणि तिथे वेगवेगळी स्वरूपं दिसतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेले रकाने. ती एक्सेलमध्ये उघडते, म्हणून सगळे तीच निवडतात. झेनडेस्कच्या सीएसव्हीत प्रत्येक तक्रारीची एक ओळ मिळते: क्रमांक, विषय, तारीख, कोणाकडे होती, किती वेळात सुटली. ग्राहक काय म्हणाला आणि तुम्ही काय उत्तर दिलं, म्हणजे खुद्द संभाषण, त्यात नसतं. ते हवं तर जेसन स्वरूप घ्यावं लागतं, जे माणसाला वाचायला किचकट आणि प्रोग्रामला सोपं असतं. त्यातही जोडलेल्या फाइलींच्या जागी लिंकच असतात. खातं बंद केल्यावर त्या लिंक उघडत नाहीत. आणखी एक खाच आहे. तक्रार बंद होऊन १२० दिवस झाले की ती संग्रहात जाते आणि रोजच्या कामाच्या याद्यांमध्ये दिसेनाशी होते. अशा एखाद्या यादीवरून फाइल काढणाऱ्याला वाटतं आपण सगळं काढलं, आणि मिळालेलं असतं अलीकडचं.

जेसनमध्ये एक गंमतही आहे. प्रत्येक मजकुराशेजारी तो ग्राहकाला दिसणारा आहे की नाही, याची नोंद असते, कारण कर्मचारी आपसांत टिपणंही लिहितात. 'याला रिफंड देऊ नका, दर महिन्याचं नाटक आहे' हे टिपणही त्याच रांगेत बाहेर येतं. ग्राहकाने आपलं संभाषण मागितलं आणि कोणी न बघता सगळी फाइल पाठवून दिली, तर पुढचा संवाद मनोरंजक होतो.

आकार मोठा असेल तर बटणाने भागत नाही, प्रोग्राम लिहून एपीआयमधूनच डेटा मागावा लागतो. तो एकदम मिळत नाही, पानापानाने मिळतो. इथे एक जुनी चूक लोक पुन्हा पुन्हा करतात. पहिलं पान घेतलं, दुसरं घेतलं, तेवढ्यात नवीन मेसेज आले आणि सगळं एक घर खाली सरकलं. रेशनच्या रांगेत विसाव्या नंबरला कोण उभं आहे हे लक्षात ठेवून तुम्ही परत आलात, आणि मधल्या वेळात पुढे दोघे घुसले, तर विसाव्या जागी आता वेगळाच माणूस असतो. पानांचे क्रमांक वापरले की असंच काही मेसेज दोनदा येतात, आणि मधले काही काढून टाकले गेले असतील तर काही येतच नाहीत. म्हणून चांगल्या सेवा पानाचा क्रमांक मागत नाहीत. त्या प्रत्येक पानासोबत एक खूण देतात, आणि त्या खुणेच्या पुढचं द्या, असं सांगायचं असतं. ही खूण दर वेळी लिहून ठेवली की प्रोग्राम पहाटे बंद पडला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एकदा सगळं काढून झालं की पुढे रोज फक्त शेवटच्या खुणेनंतर बदललेलं तेवढं आणायचं.

वेगावरही मर्यादा असते. जास्त घाई केली तर सर्व्हर ४२९ हा आकडा परत पाठवतो. 'फार मागण्या झाल्या, थांबा' असा त्याचा अर्थ इंटरनेटच्या नियमांत २०१२ साली ठरवला गेला. समजा तीन लाख तक्रारी आहेत, प्रत्येकीचं संभाषण वेगळं मागावं लागतं आणि मिनिटाला २०० मागण्यांची परवानगी आहे. एकूण १,५०० मिनिटं, म्हणजे पंचवीस तास झाले. खातं उद्या दुपारी बंद होणार असेल तर हे गणित आज संध्याकाळी करून उपयोग नाही.

इतकं करून फाइल आली. ती एक्सेलमध्ये उघडली, आणि मराठी माणसाच्या वाट्याला एक खास धक्का येतो. मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए', चलनाचं गोल चिन्ह, मधूनच जपानी येनचं चिन्ह, अशी रांगच रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. जगातल्या सगळ्या लिप्या साठवण्याची जी यूटीएफ-८ ही पद्धत संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर मांडली, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमस्कार' या शब्दात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. एक्सेलला फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे कळलं नाही तर ते प्रत्येक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर असं धरून चालतं. उपाय सोपा आहे: फाइलवर डबल क्लिक न करता एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत घ्यायची आणि पद्धत विचारल्यावर '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' निवडायची. पण त्या चिन्हांकडे बघून अनेक जण फाइल खराब आली म्हणून टाकून देतात.

मजकूर दिसायला लागला तरी एक्सेलवर विश्वास ठेवू नये. ९१ लावलेला मोबाइल नंबर बारा आकडी होतो. बारा किंवा अधिक आकडे दिसले की एक्सेल ती संख्या घातांकात दाखवतं: नऊ पूर्णांक एकोणीस गुणिले दहाचा अकरावा घात, अशा थाटात. तेवढ्यावर भागलं असतं. पण ती फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर जसं दिसतंय तसंच लिहिलं जातं आणि नंबरचे शेवटचे आकडे कायमचे जातात. पंधरापेक्षा जास्त आकडे असलेले ऑर्डर क्रमांक किंवा मेसेज क्रमांक तर उघडता क्षणीच बिघडतात, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपुढे शून्य घालतं. ग्राहकाच्या पत्त्यातले स्वल्पविराम, तीन ओळींत लिहिलेला मेसेज, '=' या चिन्हाने सुरू होणारा मजकूर, या सगळ्यांनी रकाने विस्कटतात किंवा भलतंच सूत्र चालू होतं. मूळ फाइलला हात लावू नये, तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करावं, हा नियम म्हणूनच.

ओळींची मर्यादा ही त्याहून महागडी गोष्ट. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या स्वरूपात ६५,५३६ च मावत. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल जुन्या स्वरूपाच्या फाइलींत भरले. फाइल भरली, उरलेल्या ओळी बाहेर राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. स्रोताकडे किती ओळी होत्या आणि आपल्याकडे किती आल्या, एवढं मोजलं असतं तर ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

वेळेचं प्रकरण जरा निवांत बघण्यासारखं आहे. पुष्कळ प्रणाली वेळ साठवतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले या आकड्यात, आणि ती मध्यरात्र ग्रीनिचची. १,७०,००,००,००० हा आकडा घ्या. ग्रीनिचच्या घड्याळात तो क्षण १४ नोव्हेंबर २०२३ ची रात्र, १० वाजून १३ मिनिटं. आपल्याकडे साडेपाच तास पुढे, म्हणजे १५ नोव्हेंबरची पहाट, ३ वाजून ४३ मिनिटं. त्या वर्षी १४ ला पाडवा होता आणि १५ ला भाऊबीज. 'पाडव्याची सूट भाऊबीजेपर्यंत चालणार नाही' अशी जाहिरात केलेल्या दुकानाकडे या क्षणी ऑर्डरचा मेसेज आला असेल, तर फाइल कोणत्या वेळेत काढली यावर ग्राहकाला सूट मिळायची की नाही हे ठरतं. काही प्रणाली सेकंदांऐवजी मिलिसेकंद मोजतात. ते ओळखलं नाही तर तारीख एकतर २० जानेवारी १९७० निघते, नाहीतर सन ५५,००० च्याही पुढची. अशी चूक बरी, ती निदान डोळ्यांत भरते. साडेपाच तासांची चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

काढलेली फाइल कोर्टात पुढे करायची असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि तिचा रस्ता जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप घेतला गेला, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने मागितलेलं प्रमाणपत्र मात्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर त्यातून काढलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. ते देणारा टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे जाऊन मागावं. इतर पुरावे पुरेसे असल्याने खोतकरांचं अपील मात्र फेटाळलं गेलं.

आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण; एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षर-आकड्यांची असते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते. चॅट काढल्या काढल्या हॅश काढून तारखेसह नोंदवून ठेवला, तर मधल्या काळात कोणी हात फिरवला नाही हे दाखवता येतं. स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवणाऱ्यांकडे हे काहीच नसतं.

काढलेल्या फाइलचा एक धोकाही आहे. प्रणालीत असताना संभाषणाला पासवर्ड असतो, कोणी काय पाहिलं याची नोंद असते. एक्सपोर्ट झाल्यावर तेच सगळं, नावं, पत्ते, आजारपणं, आधार कार्डाचे फोटो, एका फाइलमध्ये कोणाच्या तरी लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेण्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. काम झाल्यावर फाइल पुसायची किंवा कुलूपबंद ठेवायची, आणि ते कोणी करायचं हे आधी ठरवायचं.

याच कायद्यात एक गोष्ट असायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपच्या जीडीपीआर या गोपनीयता कायद्यात, २५ मे २०१८ पासून, माणसाला स्वतःचा डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या मसुद्यात हा हक्क घातला होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२३ च्या कायद्यात तो नाही. आपल्याविषयीच्या डेटाचा गोषवारा मागता येतो, दुरुस्त करून घेता येतो, पुसायला सांगता येतो. सगळा उचलून नेता येत नाही. युरोप तर आणखी पुढे गेला. १२ सप्टेंबर २०२५ पासून तिथला डेटा कायदा क्लाउड सेवांना बांधून घेतो की व्यावसायिक ग्राहकाला सोडून जाताना त्याचा डेटा नेऊ द्यावा, आणि १२ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी वेगळे पैसेही घेता येणार नाहीत.

आपल्याकडे असा कायदा येईपर्यंत करार हाच आधार आहे. सेवा संपल्यावर डेटा किती दिवस मिळेल, कोणत्या स्वरूपात, जोडलेल्या फाइली आणि अंतर्गत टिपणांसह की त्याविना, एवढं त्यात लिहून घ्या. आणि पुढच्या वर्षाचे पैसे भरण्याआधी मागच्या एका महिन्याची संभाषणं एक्सपोर्ट करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, ओळी मोजा आणि त्यातली पन्नास पडद्याशी ताडून पाहा. जुळली तरच पैसे भरा.